बर्फात गाडी अडली तर आधी काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

सकाळची वेळ, बाहेर शून्याच्या बरंच खाली, आधीच उशीर झालाय, चावी फिरवली आणि गाडी नुसतीच कटकट कटकट करून गप्प. किंवा त्याहून वाईट म्हणजे गाडी नीट चालू झाली, निघालात, आणि अर्ध्या वाटेत दोन्ही बाजूला बर्फ, अंधार पडायला आलाय आणि इंजिन बंद. मी दोन्ही भोगलंय. आणि दोन्ही वेळा कळलं ते एकच की मूळ बिघाड बहुतेकदा किरकोळ असतो, त्याचा राडा होतो तो आपण घाईत केलेल्या पहिल्या उपायाने. माझी पुढची काच अशीच गेली. बर्फ निघेना म्हणून किटलीभर गरम पाणी ओतलं, काचेला आधीचा एक बारीक टवका होता, तिथून टर्रकन चीर गेली ती थेट दुसऱ्या टोकापर्यंत. बॅटरी उतरलेली होतीच, वरून काचेचा खर्च. म्हणून खाली उपाय जेवढे आहेत तेवढंच "हे करू नका" पण आहे, तेही वाचा.

चालत्या गाडीपासून सुरू करतो कारण जीव तिथे जातो, घरासमोर नाही जात.

गाडी मध्येच बंद पडली किंवा डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर पहिलं म्हणजे ब्रेकवर उभं राहायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळू काढा, हॅझर्ड लाइट लावा आणि गाडीत जो वेग शिल्लक आहे तो वापरून तिला कडेला न्या, कारण एकदा थांबली की बर्फावर ढकलणं म्हणजे तुमचेच पाय घसरणार. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग एकदम जड होतं, घाबरू नका, फिरतं ते, फक्त जोर लागतो. ब्रेकचं मात्र लक्षात ठेवा, बंद इंजिनवर दोन-तीनदा दाबेपर्यंतच तो हलका राहतो, मग दगडासारखा होतो, म्हणून उगाच पंप करत बसू नका, एकदाच पण सावकाश दाबून ठेवा. आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक झालं तर संपलंच.

गाडी घसरायलाच लागली तर जिकडे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टिअरिंग वळवा, ज्या झाडाला घाबरताय त्याच्याकडे बघत राहिलात तर हात आपोआप तिकडेच वळतात. एबीएस (ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) असेल तर ब्रेक घट्ट दाबून ठेवा, पायाखाली खडखड होईल ती त्याची नेहमीची आहे, पाय सोडू नका.

थांबायची जागा निवडता आली तर वळणाच्या लगेच पुढे किंवा उताराच्या पायथ्याशी थांबू नका. ज्या निसरड्यावर तुमची गाडी सरकली त्याच निसरड्यावर मागून येणाऱ्याची पण सरकणार आहे, बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्यापेक्षा दहापट अंतर लागू शकतं, त्याने तुम्हाला पाहून ब्रेक मारला तरी तो येऊन आदळू शकतो.

आता बाहेर पडायचं की आत बसायचं, इथे लोकांचा फार गोंधळ होतो. रस्ता वाहता असेल तर आधी जॅकेट, टोपी, हातमोजे चढवा आणि मग सगळ्यांनी वाहतुकीच्या उलट्या बाजूच्या दाराने उतरून रस्त्यापासून लांब जायचं, कठडा असेल तर त्याच्या पलीकडे. गाडीच्या पुढे-मागे किंवा दोन गाड्यांच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही. धोक्याचा लाल चमकणारा त्रिकोण लावायचा तर बराच मागे लावा, गाडीला खेटून लावला तर त्याचा उपयोग शून्य, पण गाड्या सुसाट जात असतील तर त्रिकोणासाठी रस्त्यावरून चालत जायची हिंमत करू नका. उलट रस्ता निर्मनुष्य असेल, बर्फ पडतोय, जवळपास दिवा दिसत नाहीये, तर गाडीतच बसायचं. "समोरच तर वस्ती असेल, चालत जातो" हा विचार फार धोक्याचा आहे. पडत्या बर्फात दिशा कळत नाही, अंतर कळत नाही, आणि शोधणाऱ्यांना एकट्या माणसापेक्षा गाडी लवकर सापडते.

गाडीत बसून राहायची वेळ आली तर हा भाग दोनदा वाचा. इंजिन चालू होत असेल तर साहजिकच हिटर लावून बसावंसं वाटतं, पण त्याआधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड बघा, त्याच्याभोवती बर्फ साचला असेल तर हाताने, फावड्याने, कशानेही मोकळं करा. तोंड बंद असलं की धूर गाडीखालून आत येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो ज्याला ना वास ना रंग. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस समजतो की दमलोय म्हणून झोप येतेय. इंजिन सलग चालवायचं नाही, तासाला साधारण १० मिनिटं पुरे, तेवढ्या वेळात वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली ठेवायची, आणि दर वेळी चालू करण्याआधी सायलेन्सर परत बघायचा कारण बर्फ थांबलेला नसतो. इलेक्ट्रिक गाडीत धुराची भीती नाही पण चार्ज जपायला लागतो, तिथे अख्खी केबिन तापवण्यापेक्षा सीट गरम करायची सोय असेल तर ती वापरा, तिला खूप कमी वीज लागते.

बाकी, पाय आपटत राहा, बोटं हलवत राहा, सगळे एकमेकांना चिकटून बसा. तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नका, तो वितळवायला शरीराचीच उष्णता जाते. दारू तर नाहीच, तिने गरम वाटतं पण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि असलेली ऊब बाहेर जाते. फोन आतल्या खिशात अंगाला लावून ठेवा, थंडीत फोनची बॅटरी ३०-४० टक्के दाखवत असताना पण पटकन मान टाकते. ज्याला फोन कराल त्याला आधी जागा सांगा, रस्त्याचं नाव, किलोमीटरचा दगड, शेवटचं गाव किंवा फाटा कुठला लागला ते, आणि मग बिघाड. फोन मध्येच बंद पडला तर निदान शोधायला येणाऱ्याला तुम्ही कुठे आहात ते तरी माहीत असेल.

बरं, आता घरासमोरची गाडी, जी चालूच होत नाहीये.

लोक काय करतात, सेल्फ मारतात, मारतात, मारतच राहतात. त्याने उरलीसुरली बॅटरी पण जाते. आधी ऐका. पटापट कटकटकट आवाज येतोय आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत म्हणजे बॅटरीत ताकद नाही. एकच ठक् असा आवाज येऊन शांतता, दिवे मात्र छान पेटलेत, म्हणजे स्टार्टर मोटर किंवा तिची वायर. काहीच आवाज नाही, दिवे पण नाहीत, म्हणजे बॅटरी पार संपलीये नाहीतर टर्मिनल (बॅटरीला वायर जोडतात ती जागा) सुटलंय, बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा, हललं तर घट्ट करा, त्यावर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर ती खरवडा (हातमोजे घालून, ते अ‍ॅसिडचं काम आहे). दिवे आहेत पण आवाज नाही असं असेल तर लाज न बाळगता बघा की ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये आहे का आणि मॅन्युअलचा क्लच पूर्ण दाबलाय का, जाड बुटांमुळे क्लच अर्धाच दाबला जातो, मी एकदा अर्धा तास यातच घालवलाय. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाहीये, तर बॅटरीचा दोष नाही, इंधनाचा किंवा स्पार्कचा आहे, तिथे जंप स्टार्ट (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने सुरू करणं) करून काही होणार नाही.

थंडीतच बॅटरी का मरते? बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते, उणे १८ अंशाला साधारण निम्मीच ताकद हाताशी राहते, आणि नेमकं त्याच वेळी इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं म्हणून ते फिरवायला जास्त ताकद लागते. दोन्ही बाजूंनी मार. उन्हाळ्यात अर्धमेली झालेली बॅटरी तेव्हा कशीबशी निभावते आणि पहिल्या कडक थंडीला उघडी पडते.

सेल्फ मारायचा तर सगळं बंद करून, म्हणजे हेडलाइट, हिटरचा पंखा, काच गरम करायचं बटण, सीट हिटर, फोनचं चार्जर, सगळं. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये एक-दोन मिनिटं थांबा. तीन-चार वेळा करून नाही झालं तर सोडा, जंप स्टार्टकडे वळा.

जंप स्टार्टच्या आधी एक गोष्ट कोणी सांगत नाही, बॅटरी गोठलीये का बघा. भरलेली बॅटरी सहसा गोठत नाही पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड जवळजवळ पाणीच झालेलं असतं आणि ते उणे ७-८ च्या आसपास पण गोठू शकतं. डबा फुगलेला दिसतोय, तडा गेलाय, तर तिला केबल लावायची नाही, फुटू शकते. ती सरळ बदला.

ठीक दिसत असेल तर दोन्ही गाड्या जवळ आणा पण एकमेकींना टेकू देऊ नका, दोन्ही बंद, हँडब्रेक लावलेला. लाल केबलचं एक टोक बंद गाडीच्या प्लसला, दुसरं चांगल्या गाडीच्या प्लसला. मग काळं एक टोक चांगल्या गाडीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या बॅटरीला लावायचं नाही, ते लावायचं तिच्या इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू जमलेला असू शकतो. नव्या गाड्यांमध्ये कंपनीने या काळ्या टोकासाठी कधीकधी अर्थिंगचा वेगळा पॉइंट दिलेला असतो, बॅटरी डिकीत असली तरी प्लसचा पॉइंट बॉनेटखाली दिलेला असतो, ते पुस्तिकेत असतं. चांगली गाडी चालू करा, पाचेक मिनिटं जरा रेस देऊन चालू ठेवा, थंडी जास्त असेल तर दहा, मग बंद गाडीचा सेल्फ. चालू झाली की केबल बरोबर उलट्या क्रमाने काढायच्या आणि काढताना टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत. प्लस-मायनस उलटं लावलंत तर गाडीचे कॉम्प्युटर जळतात, म्हणून बॅटरीवरची पाटी बर्फ पुसून डोळ्यांनी वाचा, रंगावर जाऊ नका. अंधारात आणि गारठलेल्या हातांनी उलटं लागायला वेळ लागत नाही. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीवरून दुसऱ्याला जंप देऊ नका, बऱ्याच कंपन्या ते चालत नाही म्हणून स्पष्ट सांगतात.

चालू झाली की लगेच बंद करून चहाला जाऊ नका. नुसती जागेवर चालू ठेवूनही फार काही भरत नाही, निदान अर्धा तास चालवायला लागते आणि तरी ती पूर्ण भरत नाही, घरी चार्जर असेल तर रात्रभर लावा. दुसऱ्या दिवशी परत तेच झालं तर बॅटरी बदलायची वेळ आलीये.

धक्का मारून सुरू करायचा मोह होईल. ऑटोमॅटिक तशी सुरू होतच नाही, आणि मॅन्युअलला बर्फावर क्लच सोडला की चाक फिरण्याऐवजी घसरतं, म्हणजे धक्का मारणारे दोघं तोंडावर आपटणार. सोडून द्या.

डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं. डिझेलमध्ये मेण असतं, फार थंडीत ते गोठून फिल्टर चोंदतो. गाडी सुरू होते, शंभर-दोनशे मीटर जाते आणि गचके खात बंद पडते, ही त्याची खूण. थंडीचं डिझेल वेगळं मिळतं तेच भरा, खालच्या उबदार भागातून भरलेल्या टाकीने वर थंडीत गेलात तर हे हमखास होतं. न गोठण्यासाठीचं औषध आधीच टाकायचं असतं, एकदा मेण धरलं की नेहमीचं औषध वरून ओतून उपयोग नाही, गाडी उबेत न्यायला लागते. जुने ड्रायव्हर डिझेलमध्ये थोडं पेट्रोल किंवा रॉकेल मिसळायचे, हल्लीच्या कॉमन रेल इंजिनात (म्हणजे खूप जास्त दाबाने डिझेल सोडणाऱ्या) ते करू नका, त्याचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो.

दार उघडत नसेल तर हँडल ओढून ओढून तोडू नका. गोठलेलं असतं ते बहुतेकदा कुलूप नव्हे, दाराच्या कडेचं रबर. दार उलट आत दाबा, अंगाचा भार टाकून दोन-तीनदा, कडेचा बर्फ तडकतो आणि मग उघडतं. नाहीतर दुसरं दार, नाहीतर डिकी. कुलूपच गोठलं असेल तर डी-आयसर (बर्फ वितळवणारा स्प्रे) किंवा हात साफ करायचं अल्कोहोलवालं सॅनिटायझर चावीला लावून घाला. चावी लायटरवर तापवायचा सल्ला बरेच जण देतात, आत चिप असलेली चावी तापवलीत तर दार उघडेल आणि गाडी सुरू होणार नाही.

काच खरवडायच्या आधी वायपरचा स्विच बंद आहे ना बघा, काल रात्री चालू ठेवून गाडी बंद केली असेल तर चावी फिरवताच गोठलेला वायपर ओढला जातो आणि फ्यूज किंवा मोटर जाते. आतून धुकं धरलं असेल तर हिटरबरोबर एसी पण लावा, विचित्र वाटेल पण एसी हवेतलं पाणी काढून घेतो, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद ठेवा. वॉशरमध्ये साधं पाणी भरून कधी निघू नका, चालत्या गाडीत काचेवर मारलं की तिथल्या तिथे गोठतं आणि समोरचं काहीच दिसत नाही.

गाडी रुतली असेल तर जो जोरात रेस देतो तो तिला अजून खाली पुरतो. फिरणाऱ्या चाकाने बर्फ वितळतो, लगेच परत गोठतो आणि चाकाखाली गुळगुळीत आरसा तयार होतो. आधी चाकांच्या पुढचा-मागचा आणि गाडीच्या पोटाखालचा बर्फ काढा, पोट टेकलं असेल तर चाक कितीही फिरवा. स्टिअरिंग सरळ करा. जी चाकं गाडी ओढतात त्यांच्याखाली वाळू, खडी, मांजराची लिटर (मांजराच्या शीच्या ट्रेमध्ये घालतात ती खडीसारखी भुकटी), काहीच नसेल तर पायपुसणी. (पायपुसणी चाकाखालून मागे गोळीसारखी उडते, तिच्या रेषेत कोणी उभं राहू नका.) मग मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर, अगदी हळू क्लच. नाही निघाली तर थोडं पुढे थोडं मागे असं झुलवत बघा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरून फिरायला लागलं की ताकद कमी करणारी सोय) यापुरतं बंद करून. पाचसहा वेळात नाही निघाली तर थांबा, गिअरबॉक्स तापतो.

टायर पंक्चर झालं तर निसरड्यावर जॅक लावायचा नाही, अजिबात. जॅक सरकतो आणि गाडी खाली बसते. घट्ट, सपाट जमीन मिळेपर्यंत हळूहळू रांगत गेलात आणि रिम खराब झाली तर होऊ दे. जमीन मिळाली की जॅकखाली फळी, नट आधी सैल करायचे आणि मग उचलायची. डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा दिवा मात्र थंडीत उगाच पण लागतो, दर ५-६ अंश तापमान उतरलं की साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा कमी होते, टायर बसलेलं दिसत नसेल तर हवा भरून बघा आणि मग पंक्चरवाल्याला शोधा.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे बाहेर बर्फ आणि गाडी गरम होतेय. काटा वर चढतोय आणि हिटरमधून गार हवा येतेय म्हणजे कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी झालाय किंवा रेडिएटरमध्ये गोठलाय. लगेच बंद करा, गरम असताना झाकण उघडू नका. असं होतं कारण कोणीतरी कुलंटच्या जागी पाणी टॉप-अप करत राहिलेलं असतं. निम्मं ग्लायकॉल (कुलंटमधलं न गोठू देणारं रसायन) निम्मं पाणी असलं की ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही, आणि "मग नुसतं ग्लायकॉलच भरू" असं डोकं चालवू नका, शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. मिश्रणच हवं.

डिकीत काय ठेवायचं याच्या लांबलचक याद्या मिळतात, मी ठेवतो ते म्हणजे केबल किंवा जंप पॅक (जंप देणारी सुटी छोटी बॅटरी; पॅक रात्री घरात, गारठलेला पॅक काही कामाचा नाही), छोटं फावडं, पिशवीभर वाळू, दोन ब्लँकेट, डोक्याला लावायचा टॉर्च, त्रिकोण, पाणी आणि सुकं खायला. फावडं आणि ब्लँकेट मात्र मागच्या सीटखाली टाका, डिकी गोठून बसली तर आतलं सामान बघत बसाल.

आणि उद्या पण अशीच थंडी आहे असं दिसलं तर आज रात्रीच गाडी वाऱ्याला पाठ करून लावा, टाकी निम्म्याच्या वर, वायपर काचेवरून उचललेले, दारांच्या रबरावरून सिलिकॉनचा हात फिरवलेला. सपाट जागा असेल तर हँडब्रेक लावू नका, तो ओला असताना गोठला की सकाळी मागची चाकं जाम. गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा आणि चाकाला विटेची उटी लावा. सकाळी निघताना मग ती वीट काढायला विसरू नका, मी विसरलोय.